दरवाजातून मावेल तेवढाच सोहळा

विजयदुर्गात शिरताना माणसाला वळावं लागतं. आधी जिबीचा दरवाजा लागतो, मग तटाला खेटून वाट पुढे जाते, आणि बुरुजांच्या कुशीत दडलेला मुख्य दरवाजा अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. समोरून चाल करून येणाऱ्याला तो दिसू नये, दिसला तरी तिथं जोर लावायला जागा मिळू नये, म्हणून ही गोमुखी रचना. आम्ही बडोद्याहून सात जण दिवाळीच्या सुट्टीत तिथं गेलो होतो. आम्ही आत जात होतो आणि एका शाळेची सहल बाहेर पडत होती. ऐंशी-नव्वद मुलं असतील. सगळी बाहेर पडेपर्यंत आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. घड्याळात पाहिलं तर पंधरा मिनिटं गेली होती. शिक्षक शिस्तीचे होते, उजेड होता, कुणाला घाई नव्हती, तरीही पंधरा मिनिटं. हा हिशेब तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राचे. बातमी आली त्या संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात मराठी घरांतून एकमेकांना फोन झाले, आमच्या मंडळात पेढे वाटले गेले. इथल्या मराठी माणसाला गडाचं नाव निघालं की जरा जास्तच भरून येतं. आपण दोन-अडीचशे वर्षांपूर्वी गायकवाडांच्या मागे इकडे आलो, घरात मराठी आणि दारात गुजराती बोलत राहिलो, त्यामुळे तिकडच्या दगडांशी असलेलं नातं आपण मुद्दाम जपलेलं असतं. पेढे संपायच्या आतच मंडळात विषय निघाला, की आता या सागरी किल्ल्यांची नीट डागडुजी करून तिथं मोठे जाहीर कार्यक्रम व्हायला हवेत. महोत्सव, संगीत, नाटकं, रोषणाई. आपणही इथून बसगाड्या नेऊ.

त्या बैठकीत दोन तट पडले. आमच्यातले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "गड हे देवघर आहे. देवघरात तिकीट लावून नाचगाणी करायची नाहीत." माझा आतेभाऊ पर्यटनाच्या व्यवसायात आहे. तो म्हणाला, "काका, देवघरात रोज दिवा तरी लागतो. तिथं दिवा लावायला कोण आहे?" दोघांचंही मला पटलं, आणि दोघांनी काढलेला निष्कर्ष पटला नाही. हे सागरी किल्ले दुरुस्त व्हावेत आणि त्यांत लोकांसाठी कार्यक्रमही व्हावेत, असंच मला वाटतं. पण कार्यक्रमाचं माप किल्ल्यानं ठरवायला हवं. आपल्याकडे उलट चालतं. आधी सोहळा ठरतो, पाहुणे ठरतात, तारीख ठरते आणि मग वास्तूला त्या मापात कोंबलं जातं.

काकांच्या म्हणण्याला आधी उत्तर द्यायला हवं, कारण त्यामागे प्रेम आहे. गड गप्प असावा ही कल्पना आपली, आजची. ते नांदते होते तेव्हा तिथं अखंड गलबला होता. विजयदुर्ग आधी आंग्र्यांच्या आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराचा तळ. पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांचा कारभार इथूनच चाले. वाघोटणच्या खाडीत गलबतं नांगरलेली, सुतार-लोहारांचे घण चाललेले, दाणागोटा येतोय, पगार वाटले जातायत, भवानीच्या देवळात उत्सव होतोय. १८१८ नंतर हे सारं थांबलं आणि तिथून पडझड सुरू झाली. त्या ओसाड काळातही इथं एक मोठा जमाव जमला होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं दुर्बिणी घेऊन इथं मुक्काम केला आणि युद्धनौकेवरचे खलाशी निरीक्षणासाठी हाताशी घेतले. त्यांच्या उपकरणांसाठी बांधलेले चौथरे गावकरी अजून दाखवतात, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. आभाळाकडे डोळे लावून एवढी माणसं किल्ल्यात उभी राहिली आणि गडाचा काही अपमान झाला नाही.

वापर बदलला की वास्तू बाटते, असं म्हणायला बडोद्याच्या माणसानं तरी धजू नये. आपलं न्यायमंदिर १८९६ मध्ये उभं राहिलं. ती इमारत मुळात भाजी मंडईसाठी योजलेली होती. तिचं न्यायालय झालं आणि शंभराहून अधिक वर्षं ते चाललं. न्यायालयं २०१८ मध्ये नव्या इमारतीत गेली आणि मग सुरसागराजवळून जाताना ती बंद दारं पाहून जीव कासावीस होऊ लागला. माणसांनी भरलेली इमारत रोज कुणीतरी झाडतं, गळकं छप्पर कुणाच्या तरी डोक्यावर गळतं म्हणून तक्रार होते. रिकाम्या इमारतीत गळती लागली तर ती फक्त भिंतीला कळते. किल्ल्याचं तेच आहे. तटाच्या सांध्यात पिंपळाचं बी पडतं, पहिल्या वर्षी ते दोन बोटांनी उपटता येतं. दहा वर्षांनी त्याच पिंपळाची मुळं चिरा ढकलून बाहेर काढतात. तिथं रोज पाय असते तर ते रोप कुणाच्या तरी नजरेला पडलं असतं.

चांगल्या रीतीनं हे होऊ शकतं याचा दाखला गोव्यात आहे. मांडवीच्या मुखाशी रेईश मागूशचा किल्ला आहे. सोळाव्या शतकातला, पुढे तुरुंग झालेला, १९९३ पर्यंत तुरुंग म्हणूनच वापरात असलेला. हेलन हॅमलिन न्यास, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि गोवा सरकार यांनी मिळून त्याची दुरुस्ती केली आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे, छोटेखानी सांस्कृतिक कार्यक्रम होतात. छोटेखानी, हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्या सुरतेचा किल्लाही आठवा. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दार लावून बसला होता. पुढे त्यात सरकारी कचेऱ्या भरल्या. सुरत महानगरपालिकेनं त्या हटवून मूळ बांधकाम मोकळं केलं, आत संग्रहालय केलं. बडोद्याहून दोन-अडीच तासांत जाऊन हे पाहून येता येतं आणि मंडळातल्या प्रत्येकानं ते एकदा पाहावं, कारण दुरुस्ती म्हणजे नवं काही चढवणं असा आपला समज आहे. तिथं दुरुस्तीचा मोठा भाग नको ते काढून टाकण्याचा होता.

आता भीतीकडे येतो. ती पोकळ नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पंचवीस किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभासाठी भाडेपट्ट्यानं देण्याची बातमी आली तेव्हा लोक खवळले. शिवकालाशी संबंध असलेले महत्त्वाचे किल्ले त्यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाच्या सोहळ्यात महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला. पहिल्याच पावसाळ्यात. त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. समुद्रकाठच्या वाऱ्यात आणि खाऱ्या हवेत काय टिकतं याची चौकशी तारखेच्या आधी पूर्ण व्हायला हवी, तारखेसाठी ती उरकायची नसते. गोव्याच्या आग्वादचंही पाहा. तिथला जुना तुरुंग, ज्यात राम मनोहर लोहियांसारखे लोक कोंडले गेले, २०२१ च्या डिसेंबरात संग्रहालय म्हणून खुला झाला. पुढे तिथलं व्यवस्थापन खासगी हाती गेलं, संगीताचे कार्यक्रम होऊ लागले आणि त्यावर गोव्यात आक्षेपही घेतले गेले. वास्तू तीच, दुरुस्तीही चांगली. पण आत कशासाठी यायचं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे गेला यावरून भांडण झालं.

एक अनुभव माझा स्वतःचा. काही वर्षांपूर्वी एका जुन्या वास्तूत शास्त्रीय संगीताची मैफल होती. ते ठिकाण सांगत नाही. गायन उत्तम झालं, रात्र सुंदर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विसरलेली शाल आणायला मी परत गेलो. मंडप सोडवण्याचं काम चाललं होतं. नक्षीच्या खांबांना काथ्यानं बांधलेले लोखंडी पाइप काढताना खांबाची धार तुटलेली होती. चुन्याच्या गिलाव्यात वायर अडकवायला खिळे ठोकले होते, आता ते पकडीनं उपटले जात होते आणि प्रत्येक खिळ्याबरोबर तळहाताएवढा गिलावा खाली येत होता. मजुरांची काही चूक नव्हती, त्यांना दुपारी दुसरीकडे मंडप घालायचा होता. रात्री आम्ही तीन-चारशे जाणती माणसं तिथं बसून वाहवा करत होतो आणि आमच्यातल्या एकानंही मान वर करून तो खिळा पाहिला नव्हता. मीही नाही.

म्हणून पुन्हा दरवाजाकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात गडाचे दरवाजे कसे असावेत ते सांगितलं आहे. समोरचा मारा चुकवून असावेत, पुढे बुरूज द्यावेत, येण्याजाण्याची वाट बुरुजांच्या आहारी, म्हणजे माऱ्याच्या टप्प्यात, राहावी. हे सगळं ज्या कौशल्यानं केलं आहे ते पाहून आपण थक्क होतो. पण त्या कौशल्याचा हेतू एकच होता, की पुष्कळ माणसांना एका वेळी या दारातून जाता येऊ नये. जाहीर कार्यक्रमाच्या जागेला नेमकं याच्या उलट हवं असतं. आग लागली, पाऊस आला, नुसती अफवा उठली, तरी सगळ्यांना चार-पाच मिनिटांत बाहेर पडता आलं पाहिजे. नाट्यगृहाला म्हणूनच दोन्ही बाजूंना दारं असतात आणि ती बाहेरच्या दिशेनं उघडतात. गडाचा दरवाजा रुंद करता येत नाही, तसं केलं तर ज्यासाठी आलो तेच पाडलं. दुसरं दार काढता येत नाही. ज्या चोरवाटा असतात त्या एका माणसानं वाकून जाण्याच्या. सिंधुदुर्गाला तर दारानंतर होडी आहे, आणि होडीत मोजकी माणसं बसतात. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अरुंद चढाची वाट, यात्रेची गर्दी आणि शेकडो बळी.

म्हणून माझी पहिली अट रोषणाई, देखावे, भाषणं यांबद्दलची नाही. प्रत्येक किल्ल्यावर दरवाजाची मोजणी व्हावी. आतून बाहेर, मिनिटाला किती माणसं, म्हातारी माणसं आणि मुलं धरून, अंधार धरून. त्यावरून एक आकडा निघेल. तो आकडा दगडात कोरून दरवाजाशी लावावा. कुणीही मंत्री, कुणीही संस्था, कोणतीही जयंती असो, त्या आकड्याच्या वर माणसं आत जाणार नाहीत. विजयदुर्गाचा आकडा नेमका किती येईल, ते मोजणाऱ्यांनी सांगावं. पाच हजार येणार नाही एवढं मी भिंतीला पाठ लावून पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट चुन्याची आहे, आणि तिच्यावर मंडळाच्या बैठकीत कुणी बोलत नाही. कोकणातले बरेचसे किल्ले जांभ्याचे आणि काळ्या दगडाचे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, उन्हाळ्यात सोडतो. जुन्या गवंड्यांनी दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्यानं भरल्या, आणि चुना पाण्याला वाट देतो. त्या जागी सिमेंट भरलं की वाट बंद होते. मग पाणी दगडाच्या अंगातूनच बाहेर पडू पाहतं. सोबत समुद्राचं मीठ असतं, ते दगडाच्या पृष्ठभागाखाली खड्यांसारखं साठतं, फुगतं आणि दगडाचा भुगा करतं. वरून पाहिलं तर सिमेंटची दरज टणक उभी असते आणि तिच्या चौकटीतला दगड हरवलेला असतो. जंजिऱ्याजवळच्या पद्मदुर्गावर वेगळंच पाहायला मिळतं. तिथं लाटांनी दगड खाल्ला, पण शिवकाळातला चुना मधाच्या पोळ्यासारखा अजून शाबूत आहे. तो चुना करणारी माणसं कोण होती त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. सोहळ्यात त्यांच्या नावानं टाळी पडत नाही.

असा चुना तयार करायला वेळ लागतो. चुनकळी भिजवून दिवसेंदिवस मुरवायची, चुन्याच्या घाणीत, म्हणजे गोल फिरणाऱ्या दगडी चाकाखाली, मळायची, गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालायचं, मग तो थरानं भरायचा आणि हळूहळू सुकू द्यायचा. पावसात हे काम होत नाही. जून ते सप्टेंबर कोकणात कामच बंद. म्हणजे हाताशी उरतात ऑक्टोबर ते मे हे महिने. आणि कार्यक्रमांचा हंगाम कोणता? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नौदल दिन, नाताळाच्या सुट्ट्या, शिवजयंती, सगळं त्यातच. म्हणजे गवंडी आणि मंडपवाला या दोघांना एकच जागा त्याच महिन्यांत हवी असते, आणि त्या ओढाताणीत गवंडी नेहमी हरतो. परात उचलून बाजूला बस, पाहुणे येतायत, असं त्याला सांगितलं जातं. वर निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा, म्हणून जे लवकर सुकतं ते वापरलं जातं, आणि लवकर सुकतं ते सिमेंट. विजयदुर्गाच्या तटाचा काही भाग २०२० च्या पावसाळ्यात ढासळला. अशा ढासळण्याला एक पावसाळा पुरत नाही, मागचे कित्येक हिवाळे वाया गेलेले असतात.

त्यामुळे दुरुस्ती आणि कार्यक्रम ही जोडगोळी एकाच आराखड्यात घालू नये, असं मला ठामपणे वाटतं. तट, बुरूज, पाणी वाहून नेणाऱ्या मोऱ्या, कठडे हे आधी. ज्या बुरुजाचं काम चालू आहे त्या बाजूला त्या हंगामात कार्यक्रम नाही. पाच हिवाळे लागले तर पाच लागू देत. आपल्याकडे या मधल्या काळाचं काही तरी करायला हवं, असं लोकांना वाटतं. तर मग ते कामच दाखवा. चुन्याची घाणी फिरताना पाहणं हा मुलांसाठी कोणत्याही ध्वनी-प्रकाश खेळापेक्षा मोलाचा कार्यक्रम आहे. सयाजीराव विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या आणि पुरातत्त्वाच्या मुलांनी तिथं महिनाभर राहून गवंड्याच्या हाताखाली काम करावं, आणि बडोद्याच्या मराठी मंडळांनी त्यांच्या भाड्याजेवणाचा भार उचलावा. बसगाडीपेक्षा हे स्वस्त पडेल.

मग आत कार्यक्रम कोणते? इथं मला आपल्या पोळांमधला, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधला, गरबा आठवतो. आज नवरात्रात बडोद्याच्या मैदानांवर हजारोंच्या संख्येनं लोक फेर धरतात, त्याची शान वेगळी आहे, मी तिचा चाहता आहे. पण लहानपणी वाडी भागातल्या पोळात जो गरबा पाहिला त्यात व्यासपीठ नव्हतं. चौकाच्या मध्ये दिवा, भोवती फेर, आणि चौक भरला की भरला. उरलेले ओट्यांवर आणि खिडक्यांत. जागा आणि माणसं एकमेकांच्या मापाची होती, म्हणून भोंगा न लावताही गाणाऱ्या बाईचा आवाज शेवटच्या खिडकीपर्यंत जायचा. गडावरचा कार्यक्रम असा असावा. दिवसाउजेडी सुरू होऊन सूर्य बुडताना संपणारा. खांब न रोवता, खिळा न ठोकता, जमिनीवर बसून पाहण्याचा. पोवाडा, कीर्तन, व्याख्यान, एखादी बैठकीची मैफल, आणि त्या भागातल्याच मंडळींचं दशावतारी नाटक. दशावताराला नेपथ्य लागत नाही. एक बाक, मागे पडदा, पखवाज आणि झांज एवढ्यावर देवळापुढच्या अंगणात रात्र जागवण्याची ती कला आहे. तिला विजयदुर्गाचं सदरेपुढचं अंगण पुरेसं आहे, आणि त्या अंगणावर तिचा हक्क मुंबईहून येणाऱ्या कोणत्याही कलाकाराच्या आधी आहे.

विषयांबद्दलही बोलायला हवं. मोठ्या रोषणाईच्या खेळात इतिहास सरळ होऊन येतो. तुतारी, विजय, फटाके. विजयदुर्ग तसा सरळ नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रातून हल्ला करून तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तेव्हा जमिनीच्या बाजूनं पेशव्यांची फौज इंग्रजांची दोस्त म्हणून उभी होती. मराठ्यांचं आरमार मराठ्यांच्या संमतीनं खाडीत जळलं. त्याच साली किल्ला पेशव्यांना मिळाला, पण मोबदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेलं. आणि १७८३ मध्ये पेशव्यांच्याच आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं रेंजर जहाज पकडून याच बंदरात आणलं. हे सगळं एका तटावर बसून ऐकण्याची जागा म्हणजे खरी जाहीर जागा. बडोदेकरांना वसईचंही असंच आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली हे आपण छाती फुगवून सांगतो. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं जो तह केला, त्यात गायकवाडांवरच्या दाव्यांचा निवाडाही इंग्रजांच्या हाती दिला गेला. आपल्या संस्थानाचं भवितव्य जिथं ठरलं तिथं बडोद्याच्या किती मराठी माणसांनी उभं राहून तो तह वाचला आहे? असं वाचन हा एक कार्यक्रम होऊ शकतो. शंभर माणसं, दोन तास, एक जाणता वक्ता, आणि नंतर वाद घालायला मोकळीक.

आतेभावाचा आक्षेप मला ठाऊक आहे. शंभर-दोनशे माणसांच्या कार्यक्रमातून पैसा उभा राहत नाही. बरोबर आहे, राहत नाही. पण दुरुस्तीचा खर्च तिकीटविक्रीवर टाकणं हीच मूळ चूक आहे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, खांदेरी राज्याकडे. त्यांची डागडुजी ही सरकारची जबाबदारी आहे, ती कुणाच्या महोत्सवाच्या नफ्यावर लटकता कामा नये. एकदा का तट कार्यक्रमाच्या पैशावर उभा राहू लागला की पुढच्या वर्षी कार्यक्रमाला नाही म्हणता येत नाही. आणि ज्यांना मोठा महोत्सव हवाच आहे त्यांच्यासाठी वाट आहे. कोणार्कचा नृत्यमहोत्सव मंदिरापासून दूर बांधलेल्या खुल्या रंगमंचावर होतो, मंदिर मागे दिसत राहतं. वेरूळचा महोत्सव पूर्वी कैलास लेण्यापाशी होत असे, तो पुढे औरंगाबादच्या सोनेरी महालात आणला गेला. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग संध्याकाळी जसा दिसतो तसा तो आत बसलेल्याला दिसतच नाही. पाच हजार माणसं किनाऱ्याजवळच्या मोकळ्या मैदानात बसवा, गड समोर असू द्या. फक्त प्रखर झोत समुद्राकडे नकोत. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेनं भरकटतात.

कायदाही याच बाजूचा आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी, परिषद किंवा करमणुकीचा कार्यक्रम केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, असा नियम १९५९ पासून आहे. परंपरेनं चालत आलेल्या धार्मिक विधींना त्यातून सूट आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालचा नियम. परवानगी मागणारे आणि देणारे दोघंही हे कागद जाणतात. परवानगी कोणत्या अटींवर दिली, किती माणसांसाठी दिली, अनामत किती घेतली आणि कार्यक्रमानंतर पाहणी करून कुणी सही केली, हे गावकऱ्यांना कुठं वाचायला मिळत नाही. ते दरवाजाशी फलकावर लागलं पाहिजे, मराठीत.

गावकऱ्यांचं नाव मी इतक्या उशिरा घेतलं याचं मला वाईट वाटतं, कारण त्या दिवाळीत सगळ्यात नेमका प्रश्न तिथल्याच एका काकूंनी विचारला होता. किल्ल्याजवळ त्यांची छोटी खानावळ आहे. आम्ही जेवताना मोठ्यानं बेत आखत होतो, इथं कार्यक्रम करायचा, तिथं करायचा. त्या सोलकढी वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी कार्यक्रम करा, माझी ना नाय. पण त्या दिवशी आमका किल्ल्यात सोडतलास ना?" गेल्या हंगामात कुणी मोठे पाहुणे आले होते तेव्हा बंदोबस्तात गावातल्या बायकांना भवानीच्या देवळापर्यंतही जाता आलं नव्हतं. मी त्यांना बडोद्याच्या रीतीनं "हो काकू, नक्की" म्हणालो आणि लगेच लक्षात आलं की हे वचन द्यायचा मला काहीच अधिकार नाही. आम्ही तिथं पाहुणे आहोत. गायकवाडांचं आरमार बिलिमोऱ्याला होतं, विजयदुर्गावर आमची मालकी कधीच नव्हती.

पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत भाड्याच्या ध्वनियंत्रणेवर आम्ही दरवर्षी जेवढे पैसे घालतो, तेवढे या वर्षी दोन विद्यार्थ्यांच्या कोकणातल्या महिनाभराच्या मुक्कामासाठी ठेवावेत, असा ठराव मी मांडणार आहे. काकांना सूचक होण्याची विनंती केली आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत. आतेभावानं अनुमोदन द्यायचं कबूल केलं आहे, एका अटीवर, की दरवाजाची मोजणी करायला मी त्याच्याबरोबर यावं. कोकण रेल्वेची जानेवारीतली तिकिटं त्यानं पाहूनही ठेवली आहेत.